फोर्टाजवळचं सायन

"हॅलो?… हॅलो?… हो, घाटकोपर… हो हो, जयंतीभाईंकडेच लागलाय… अहो मीच बोलतेय वहिनी, रत्नप्रभा… येतंय, ऐकू येतंय… नाही, कणीक मळत होते, तशीच आलेय खाली…"

तशीच म्हणजे अगदी तशीच. रत्नप्रभेने रिसीव्हर डाव्या हातात धरला होता आणि कणकेने माखलेला उजवा हात जयंतीभाईंच्या टेबलाला लागू नये म्हणून अंगापासून लांब ठेवला होता. तिच्या पाठीशी उत्तरा उभी होती. घरमालक जयंतीभाईंनी जिन्याखालून "सांताक्रूझनो फोन" अशी हाक दिली, तेव्हा मायलेकी एकमेकींना न विचारता धावत सुटल्या होत्या. सांताक्रूझ म्हणजे अण्णांचं घर, आणि या आठवड्यात अण्णांच्या घरून फोन म्हणजे उत्तरेच्या कॉलेजचाच फोन.

"हो, उद्याच. उद्या जाऊन नाव घालायचं… हो, गेलं नाही तर जागा दुसऱ्याला देतात म्हणे… हे अर्धा दिवस रजा काढणार आहेत… हो ना, अण्णांनी लगेच हो म्हटलं. आम्हाला किती बरं वाटलं म्हणून सांगू…"

बरं वाटलं हे कमीच झालं. अण्णा हे उत्तरेच्या वडिलांचे, मार्तंडरावांचे, थोरले भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हा अण्णांनीच मार्तंडाला शिकवलं, नोकरीला चिकटवलं, लग्न करून दिलं. तेव्हापासून घाटकोपरच्या या दोन खोल्यांत नवं कपाट यायचं असो की मुलीचं स्थळ, सांताक्रूझहून 'हो' आल्याशिवाय काही हलत नसे. उत्तरा इंटर सायन्स पास झाली होती. तिला केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. करायचं होतं, आणि तेही फोर्टातल्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्येच. गेल्या रविवारी मार्तंडराव भीत भीत सांताक्रूझला गेले आणि परत आल्यावर, चपला काढायच्याही आधी, म्हणाले, "अण्णा हो म्हणाले." त्या दिवशी घरात शिरा झाला. तेव्हापासून उत्तरेचे पाय काही जमिनीवर नव्हते.

"लांब? नाही हो, तशी फार… म्हणजे जरा लांबच… दोन स्टेशनं? कुठली दोन?… घाटकोपर, मग कुर्ला, मग… हो, मग सायन येतं… येतं ना, पण सायनला कशाला उतरायचं?"

उत्तरेने मान वर केली.

"कोण राहतं?… तुमच्या रुक्मिणीमामी, हो हो, लग्नात भेटल्या होत्या… सायनला असतात होय त्या?… दुपारी? उत्तरेने दुपारी त्यांच्याकडे जेवायला… रोज?… अहो त्यांना कशाला त्रास… जवळ कसं पडेल वहिनी?… कॉलेजच्या मागेच? कुठल्या कॉलेजच्या?"

रत्नप्रभेच्या थोरल्या जाऊबाई शुभावहिनी एरवी इतक्या हळू बोलायच्या, की फोनवर त्यांचं अर्धं बोलणं अंदाजानेच घ्यावं लागे. आज मात्र त्यांचा आवाज असा काही चढला होता, की रत्नप्रभेने रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला होता. तरी उत्तरेला शब्द लागत नव्हते. डबीत कोंडलेल्या भुंग्यासारखी नुसती गुणगुण येत होती, आणि बाकी सगळं तिला आईच्या तोंडाकडे बघून जुळवावं लागत होतं.

"वहिनी, जरा माझं ऐका ना. ती सायन्सला जाणार आहे… हो… सायन्सला… तेच म्हणताय? नाही, तेच नाही ते… मी सायन्स म्हणतेय आणि तुम्ही सायन म्हणताय… हो, सायनच म्हणालात… नाही हो, मी कुठे सायन म्हणाले, मी सायन्स… असू दे. असू दे, राहू दे ते."

रत्नप्रभेने दम घेतला. एक वाट बंद झाली की दुसरीकडून जावं, हे तिला घरसंसारात चांगलं ठाऊक झालं होतं.

"बरं, असं सांगते. फोर्टात आहे ना ते, तिथे… फोर्टात… हां, फोर्ट… बघा, आहे ना माहीत?… टेकडीवर? फोर्टात कुठली आली टेकडी?… अहो, तो किल्ला झाला. सायनचा किल्ला… हो, त्यालाही फोर्टच म्हणतात, नाही कोण म्हणतं… पण मी म्हणतेय तो फोर्ट किल्ल्याचा नाही… म्हणजे पूर्वी किल्ला होता म्हणे, आता कुठे आहे?… सायनचा आहे हो, तो आहेच अजून, त्याचं काही नाही…"

आपल्या घरात काय घडलं आहे ते इथे उत्तरेच्या एकदम ध्यानात आलं. इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, फोर्ट, एवढं लांबलचक नाव बाबांनी अण्णांसमोर खाली मान घालून पुटपुटलं असणार. अण्णांचा सारा जन्म टेलिफोन खात्यात गेलेला. रिसीव्हर लावून लावून आपला डावा कान कामातून गेला, असं ते स्वतःच सांगत. त्या कानात सायन्सचं सायन झालं आणि फोर्टाचा किल्ला झाला. अण्णांनी हो म्हटलं होतं ते सायनच्या टेकडीखालच्या, या जगात नसलेल्या एका कॉलेजला.

झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत असलेले जयंतीभाई इतका वेळ आपलं लक्षच नाही असं दाखवत होते. आता त्यांना राहवलं नाही. "सायनमां कॉलेज?" ते म्हणाले. "आमची वखार होती तिथे, बेन. किल्ला पासे कोई कॉलेज नथी."

रत्नप्रभेने रिसीव्हरचं तोंड पोटाशी दाबलं. "ह्यांनी तिकडे नक्की काय सांगितलं गं?"

"बाबांनी बरोबरच सांगितलं असेल. अण्णाकाकाच म्हणाले म्हणे, 'सायनला ना? फोर्टाजवळ? जाऊ दे की.'"

"सायन म्हणाले?" रत्नप्रभा आणखीच गोंधळली. "अण्णा कधी सायन म्हणत नाहीत. शीव म्हणतात. दुसरं कोणी म्हणालं तरी तिथल्या तिथे सुधारतात."

ते खरं होतं. मुंबईत राहून शीवला सायन म्हणणाऱ्यांवर अण्णांचा फार राग. पण त्यावर विचार करायला सवड नव्हती, कारण पोटाशी धरलेला भुंगा पुन्हा गुणगुणायला लागला होता.

"हो हो, आहे, इथेच आहे… जयंतीभाई काहीतरी विचारत होते… केमिस्ट? नाही हो, औषधाचं दुकान नाही काढायचंय तिला… नाही, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचायला नाही शिकवत तिथे… केमिस्ट्री म्हणजे रसायनं. म्हणजे ना… आता तुम्हाला काय सांगू? ह्यात ते मिसळायचं आणि काय होतं ते बघायचं… हो, स्वयंपाकासारखंच म्हणा… फक्त खायचं नाही."

उत्तरेने कपाळाला हात लावला.

"रुइया? हो, माटुंग्याचं… चांगलंच आहे, नाही कोण म्हणतं… खालसाही आहे, हो… अंधेरीला? अंधेरी उलटी पडते वहिनी, दादरला जाऊन गाडी बदलून परत मागे यायचं… नाही नाही, त्यांच्यात वाईट काही नाही. पण हिला जागा ह्या कॉलेजात मिळालीय. आणि हिला तेच हवंय."

तेच का हवंय, हे उत्तरेने आईला एकदा सांगायचा प्रयत्न केला होता. इंटरपर्यंतच्या तिच्या कॉलेजात प्रॅक्टिकलला चौघांत मिळून एक सामान असायचं. तिच्या टेबलावर तीन मुलगे आणि ती. मुलगे ओतायचे, तापवायचे, हलवायचे आणि उत्तरेचं अक्षर चांगलं म्हणून उत्तरा लिहायची. परीक्षानळीत दोन द्रवांच्या मध्ये तपकिरी कडं येतं, त्यावरून क्षारात नायट्रेट आहे हे ओळखायचं असतं. ते कडं जर्नलमध्ये तिने सुंदर काढलं होतं, रंग भरून. प्रत्यक्षात तिला तिन्ही मुलांचे खांदे दिसले होते आणि "आली रे, रिंग आली" एवढं ऐकू आलं होतं. फोर्टातल्या त्या कॉलेजात ज्याचं त्याला टेबल मिळतं, असं तिने ऐकलं होतं. खरं की खोटं ते तिथे गेल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि जायला तर हवंच होतं. इतकं एखादी गोष्ट हवीशी वाटणं बरं नव्हे, असं तिचं तिलाच वाटे.

"वहिनी, समजा हं… नुसतं समजा… कॉलेज दादरच्या पुढे असतं, तर अण्णा… नाही, नाही, उगाच आपलं विचारलं… हो, माहितीय मला… तेव्हा काय म्हणाले होते ते माहितीय हो…"

'तेव्हा' म्हणजे क्षमाच्या वेळी. क्षमा ही अण्णांची एकुलती एक मुलगी, उत्तरेहून मोठी. तिलाही सायन्सच शिकायचं होतं, फोर्टातच जायचं होतं, आणि अण्णांनी सगळ्या घरासमोर सांगितलं होतं की आपल्या घरातली मुलगी दादरच्या पुढे कॉलेजला जाणार नाही. क्षमा जेवायची बंद झाली, मग जेवायला लागली, मग तिचं लग्न झालं आणि ती इंदूरला गेली. आता माहेरी आली की वडिलांशी जेवढ्यास तेवढं बोलते. त्या गोष्टीचा उच्चार त्या घरात पुन्हा कोणी केला नाही. पण दादर मात्र तिथेच राहिलं, सगळ्या मुलींच्या वाटेत.

उत्तरेने आईचा पदर ओढला. आवाज न करता, नुसत्या ओठांनी ती म्हणाली, "सायन म्हण."

रत्नप्रभा तिच्याकडे बघत राहिली.

"असू दे ना आई," उत्तरा कुजबुजली. "सायन तर सायन. त्यांना कुठे कळणार आहे?"

"हॅलो?… हो, आहे ना… हो वहिनी… बरोबर आहे तुमचं… सायन… हो, तिथेच… किल्ल्याच्या… हो, त्याच बाजूला… नाही, डबा बरोबर देईन मी, मामींना नको त्रास…"

रत्नप्रभेचे कान लाल झाले होते. तिला खोटं बोलता येत नसे. दारावर नको असलेला पाहुणा आला तरी 'हे घरी नाहीत' हे तिला नवऱ्याकडूनच वदवून घ्यावं लागे. आईला या कामाला आपणच लावलं, याची उत्तरेला लाज वाटली. त्याच वेळी तिला हलकंही वाटलं, आणि हलकं वाटल्याची पुन्हा लाज वाटली.

"दूध? अहो मग जा ना, बघा आधी… हो, धरते मी… कोणाला देताय?… नको, वहिनी, अण्णांना कशाला उगाच… वहिनी?… हॅलो?"

रत्नप्रभा एकदम ताठ झाली. तिने घाईघाईने डोक्यावर पदर घ्यायला उजवा हात उचलला, त्याला कणीक होती म्हणून खाली घेतला, डाव्यात फोन होता. उत्तरेने मागून तिचा पदर उचलून तिच्या डोक्यावर नीट ठेवला. घाटकोपरच्या बाईच्या डोक्यावर पदर आहे की नाही हे सांताक्रूझला दिसणार नव्हतं. पण थोरल्या दिरांशी रत्नप्रभा लग्नानंतर इतक्या वर्षांत समोर उभी राहून कधी धड चार वाक्यं बोलली नव्हती, आणि आता तर ते थेट तिच्या कानात बोलणार होते.

"हो… हो अण्णा, मीच… नमस्कार करते… हो, सगळे बरे आहेत… हो, उद्याच… जी?… हो, सा… हो, तिथेच…"

ती थांबली. भुंग्याचा आवाज आता जाड झाला होता आणि संथ. उत्तरेने डोळे मिटून घेतले.

"अण्णा, एक सांगायचं होतं. रागावू नका… नाही, ह्यांचं काही नाही, मीच सांगतेय… अण्णा, ते सायन नाही. सायन्स आहे… सायन्स. शेवटी स आहे त्याला… आणि फोर्ट म्हणजे किल्ल्याजवळचं नाही. बोरीबंदरला उतरून जायचं ते फोर्ट… हो. दादरच्या पुढे. पार पुढे."

उत्तरेने डोळे उघडले. जयंतीभाईंचा अडकित्ता थांबला होता.

"ह्यांनी बरोबरच सांगितलं असणार. तुम्हाला वेगळं ऐकू आलं असेल, नाहीतर ह्यांनी हळू… माझीच चूक म्हणा… थांबा अण्णा, एवढं बोलू द्या मला, नंतर नाही जमायचं… मला त्यातलं काही कळत नाही. पण ही दोन वर्षं तीन मुलग्यांच्या मागे उभी राहून नुसतं लिहून आली. हिला स्वतःच्या हाताने करून बघायचंय… हो, मुलगी सांभाळून जाईल… तुम्ही नाही म्हणालात तर नाही जाणार ती, तुमच्या शब्दाबाहेर आम्ही नाही. पण खोटं सांगून मी तिला पाठवणार नाही. उद्या ती तिकडे गेली आणि इथे मी रोज सायन सायन म्हणत बसले, तर मला अन्न गोड लागायचं नाही."

वाट लागली, उत्तरेला वाटलं. तिला आईचा मनापासून राग आला. मग पदराखालून आईच्या मानेवरून ओघळणारा घाम दिसला आणि त्या रागाचं काय करावं ते तिला कळेना.

मग जाड भुंगा बोलायला लागला, अगदी हळू. इतका हळू की रत्नप्रभेने रिसीव्हर कानात रुतवला.

"हो… हो… टेलिफोन खात्यात, हो, माहितीय… काय?… उजव्या कानाने?… म्हणजे बरोबर… अण्णा, तुम्हाला बरोबर ऐकू आलं होतं?"

तिने उत्तरेकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरून हो की नाही हे उत्तरेला काही केल्या वाचता येईना.

"मग सायन का म्हणा… हो… हो… वहिनी स्वयंपाकघरात होत्या… क्षमाला… हो अण्णा… नाही, असं का म्हणता? तुम्ही तेव्हा तिच्या भल्याचाच… हो… हो, कळलं मला… नाही, तुम्ही नका सांगू, मला कळलं."

रत्नप्रभेचे डोळे भरून आले होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"नाही सांगत. वहिनींना बिलकूल नाही सांगत… बरं… मी म्हणू? मीसुद्धा?… बरं अण्णा. सायन… हो. सायनच म्हणेन… कोण आलंय? पोस्टमन? हो, जा तुम्ही. मी धरते."

तिने रिसीव्हर पुन्हा पोटाशी दाबला आणि उत्तरेच्या कानाशी तोंड नेलं.

"त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ह्यांनी सांगितलं ते त्यांना स्वच्छ ऐकू आलं होतं. पण पोटच्या मुलीला नाही म्हटलं आणि पुतणीला आता वहिनींच्या देखत हो कसं म्हणायचं? कोणत्या तोंडाने? वहिनी आत होत्या, म्हणून मुद्दाम सायन म्हणाले. त्यांना दुखायला नको म्हणून. 'जा म्हणावं तिला,' म्हणाले, 'पण आमच्या घरात ते सायनच राहू दे.'"

"तरीच," उत्तरा म्हणाली. "शीव नाही म्हणाले."

शीव म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं. सायन म्हटलं म्हणजे नुसतं कमी ऐकू आलं, एवढंच झालं. अण्णांच्या घरातल्या दादरच्या भिंतीला अण्णांनी स्वतःच एक अक्षर गाळून भोक पाडलं होतं. उत्तरेला एकदम खूप हसावंसं वाटलं आणि ते जमेना.

"हॅलो?… हो वहिनी… दूध गेलं का उतू?… थोडक्यात वाचलं… हो, बोलले अण्णा. छान बोलले… काय ठरायचंय त्यात? सायन. सायनच ठरलंय… उत्तरेला? आहे ना इथेच. देते."

उत्तरेने रिसीव्हर घेतला. त्याला आईच्या हाताची ऊब होती आणि जरा कणीकही. इतका वेळ ज्या आवाजाची नुसती गुणगुण ऐकली, तो आता तिच्या कानात होता, आणि तो काकूंचा नेहमीचा आवाज होता, हळू, अंदाजाने घ्यावा लागणारा.

"हॅलो… हो काकू, मीच… आई? नाही, ती हात धुवायला गेली मोरीवर… अण्णाकाका पोस्टमनशी बोलतायत, मग?… नाही, कोणाला नाही सांगणार… आईलासुद्धा?… हो, तिला नाही लपवता येत, खरंय… बरं… काय?"

मोरीवरून रत्नप्रभेने वळून बघितलं. मुलीची पाठ एकदम ताठ झालेली तिला दिसली, पण नळाच्या आवाजात शब्द ऐकू आले नाहीत.

"तुम्हालाही ऐकू… रविवारी? स्वयंपाकघरातून?… बाबा स्वच्छ सायन्स म्हणाले… हो… आणि अण्णाकाकांनी सायन म्हटलं, तेव्हा तुम्हाला वाटलं त्यांना चुकून… आणि तुम्ही सुधारलं नाही… मग आत्ता एवढं मोठ्याने? ते समोर खुर्चीत होते म्हणून?… त्यांच्या कानावर जावं म्हणून… मामी?… मामी सायनला राहतच नाहीत?… कुठे?… विरारला."

उत्तरेच्या अगदी जिभेवर आलं होतं. काकू, त्यांना ऐकू आलं होतं हो. तुम्ही दोघं एका घरात बसून एकमेकांपासून एकच गोष्ट लपवताय. पण आईने नुकताच शब्द दिला होता, आणि तो शब्द उत्तरेसाठीच दिला होता. तिने ओठ मिटून घेतले. त्या मोठ्या घरातली ती दोन माणसं तिला आठवली, हॉलमधली खुर्ची आणि स्वयंपाकघराचं दार, आणि मध्ये कुठेतरी क्षमाताई, जिचं नाव दोघंही काढत नव्हते. तिला फार वाईट वाटलं.

"हो, ऐकतेय… एप्रन? कोणाचा, क्षमाताईचा?… तिने शिवून घेतला होता? आधीच?… ट्रंकेत… एकदाही नाही घातला?… हो काकू… नाही, लांब झाला तर टाचून घेईन मी. बाह्या दुमडल्या की झालं… पिवळा पडला असला तरी चालेल, तसाही त्याच्यावर ॲसिडच सांडायचं असतं… नाही, रडत नाहीये… तुम्ही पण नका ना… ताईला कळवू?… बरं. मीच लिहीन तिला. काय लिहू?… फोर्ट? तिला खरं लिहू ना?… हो. तिला खरंच लिहीन."

मग ती घाईघाईने बोलायला लागली, कारण पलीकडेही घाई सुरू झाली होती.

"आले का ते?… हो… हो काकू, सायनला… हो, किल्ल्याजवळच… हो, मामींकडे जाईन जेवायला… काय?… हो, रोज… हॅलो?… काकू?… हॅलो?"

फोन तुटला होता. उत्तरेने रिसीव्हर जागेवर ठेवला आणि त्यावरची कणीक बोटाने पुसली.

रत्नप्रभा ओले हात पदराला पुसत आली. "काय म्हणत होत्या एवढं?"

"काही नाही. सायनला सांभाळून जा म्हणाल्या."

"बघ." रत्नप्रभेने आवाज खाली आणला. "त्यांना बिचाऱ्यांना अजून काही ठाऊक नाही गं. तू मात्र तोंड सांभाळ."

"सांभाळीन," उत्तरा म्हणाली.

दोघी जिन्याकडे वळल्या. झोपाळा कुरकुरला. इतका वेळ अर्धंच ऐकून जयंतीभाई अगदी बेजार झाले होते, आणि सायनची इंच न् इंच जमीन त्यांच्या पायाखालची होती.

"पण रतनबेन," त्यांनी विचारलं, "सायनमां कॉलेज छे क्यां?"

रत्नप्रभा पहिल्या पायरीवर थांबली. पदर अजून तिच्या डोक्यावरच होता. तिने वळून, अगदी सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून, उत्तर दिलं.

"आहे हो जयंतीभाई," ती म्हणाली. "फोर्टाजवळ."